रोजा धरावा कसा, सोडावा कसा, आणि मोडला तर काय

मराठीत उपास धरतात आणि सोडतात. रोजाही धरतात आणि सोडतात. पण रोज्याला आणखी एक क्रियापद लागतं, ते म्हणजे मोडणं, आणि रमजानमध्ये घरोघरी होणारे निम्मे वाद त्यावरूनच असतात. डोळ्यात औषध घातलं, मोडला का? चूळ भरताना पाणी घशात गेलं, मोडला का? भाजीचं मीठ चाखलं, मोडला का?

माझं माहेर चिपळूणकडचं, म्हणजे शाफई. सासर सांगलीचं, हनफी. हे दोन्ही सुन्नी मुसलमानांचे मसलक, म्हणजे धर्मनियमांचे मार्ग. कोकण किनाऱ्यावर इस्लाम अरबी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आला, म्हणून कोकणी मुसलमान बहुतेक इमाम शाफईंच्या मार्गाने चालतात. घाट चढून वर आलं की बहुतेक सगळे हनफी. लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानात मला कळलं की एका दस्तरखानावर बसलेल्या सासू-सुनेचे नियम वेगळे असू शकतात आणि दोघींचेही बरोबर असू शकतात. तेव्हापासून मी एक वही ठेवली. मौलानांना विचारलेलं, डॉक्टरांना विचारलेलं, चुकून शिकलेलं, सगळं तिच्यात आहे. हा लेख त्या वहीतलाच आहे. मी मुफ्ती नाही. पेच पडला तर आपल्या मशिदीत विचारा. आणि विचारताना आपण हनफी की शाफई हे आधी सांगा, नाहीतर उत्तर दुसऱ्याचं मिळेल. सोयीप्रमाणे आज हा आणि उद्या तो, असं मात्र करू नये. (शिया जाफरी आणि दाऊदी बोहरा यांचे काही नियम आणखी वेगळे आहेत. बोहऱ्यांचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं असतं आणि त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.)

कोणावर फर्ज आहे

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले. कुरआनात सूरह बकराच्या १८३ ते १८७ या आयतींमध्ये सगळा पाया आहे, आणि गंमत अशी की त्या पाच आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी यांची सवलत दोनदा आली आहे. वयात आलेल्या, शुद्धीत असलेल्या, धडधाकट, घरी असलेल्या प्रत्येक मुसलमानावर रोजा फर्ज. वयात येण्याची लक्षणं दिसली नाहीत तर चांद्र वर्षांनी १५ पूर्ण झाली की जबाबदारी सुरू होते.

लहान मुलांवर नाही. सात-आठ वर्षांचं पोर हट्टाने रोजा धरतं, घरात कौतुक होतं, फुलांचे हार येतात, फोटो निघतात. होऊ द्या. पण दुपारी तीनला ते कोमेजलेलं दिसलं तर पाणी पाजा. त्याच्यावर फर्ज नसलेला रोजा आपल्या हौसेखातर ओढायला लावू नये.

रमजान लागण्याआधी

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात चार कामं उरकावीत.

पहिलं, मागची कजा. गेल्या रमजानात सुटलेले रोजे नवा रमजान लागण्याआधी धरून टाकायचे. बायकांचे दर वर्षी सहा-सात तरी असतातच. हनफींमध्ये उशीर झाला तरी एका रोज्याला एक रोजा एवढंच. शाफईंमध्ये कारण नसताना पुढचा रमजान ओलांडला तर कजा आहेच, शिवाय प्रत्येक रोज्यामागे एक मुद (पाऊण किलोच्या आत) धान्य फिदया, म्हणजे गरिबाला भरपाई, आणि जितकी वर्षं लांबेल तितका तो वाढतो. थंडीत दिवस लहान असतात, तेव्हाच हे आटपावं. माझी आई डिसेंबर सोडायची नाही.

दुसरं, डॉक्टर. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर सहा ते आठ आठवडे आधी जाऊन यावं. 'रोजे धरू का' एवढंच विचारून थांबू नका; 'गोळ्यांच्या वेळा आणि डोस कसे बदलू' हे विचारा. इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या यांचा डोस सहसा बदलावा लागतो. सकाळची गोळी उचलून सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, घेतली की झालं, असं नसतं. डॉक्टर नाही म्हणाले तर ते नाही शरीअतही मानते. माझ्या सासऱ्यांना हे पटायला दोन वर्षं आणि एक रुग्णवाहिका लागली.

तिसरं, चहा. पहिल्या तीन रोज्यांत जे डोकं ठणकतं ते बहुतेक वेळा भुकेने नाही, चहा तुटल्याने. दहा दिवस आधीपासून एकेक कप कमी करा.

चौथं, आपल्या गावाचं वेळापत्रक. याबद्दल सविस्तर सांगते, कारण मी स्वतः फसले आहे. सांगलीतला पहिला रमजान. माहेरच्या मशिदीचं छापील वेळापत्रक मी कौतुकाने बॅगेत घालून आणलं आणि स्वयंपाकघरात चिकटवलं. सांगली चिपळूणच्या पूर्वेला. तिथे उजाडतं चारेक मिनिटं आधी आणि मावळतंही आधी. म्हणजे मी चिपळूणच्या शेवटच्या मिनिटापर्यंत चहा पीत होते तेव्हा सांगलीत फज्र, म्हणजे रोजा सुरू होण्याची पहाटेची वेळ, लागून गेली होती. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं. ईदनंतर तीन कजा धरल्या.

हिशोब सोपा आहे. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. मुंबईपेक्षा पुणं साधारण चार मिनिटं पुढे, छत्रपती संभाजीनगर दहा, नांदेड अठरा आणि नागपूर तब्बल पंचवीस. मुंबईच्या मशिदीची अजान टीव्हीवर ऐकून नागपूरला रोजा सोडणारा पंचवीस मिनिटं उगाच तहानलेला राहतो, एवढंच. पण मुंबईच्या वेळेने नागपूरला सहरी करणाऱ्याचा रोजा होतच नाही. कापडवाले, मिठाईवाले जी कार्डं वाटतात त्यांवर कोणत्या शहराच्या वेळा आहेत ते बघून घ्या. मोबाइलच्या ॲपमध्ये तर ठिकाण आणि मसलक दोन्ही तपासा.

चांद

२९ शाबानला संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. नाही दिसला तर शाबानचे ३० पुरे करायचे. महिना एकतर २९ चा असतो नाहीतर ३० चा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. आपल्याकडे २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. सुमारे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. ज्यांनी ऐंशीच्या दशकात मे-जूनच्या उन्हात रोजे धरले, त्यांना आताचे रोजे लहान वाटतात, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

चांदच्या रात्री व्हॉट्सॲपवर तीन शहरांचे चांद येतात. आपल्या जमातीची घोषणा होईपर्यंत थांबावं.

नियत

नियत म्हणजे मनातला इरादा. अरबी वाक्य पाठ नसेल तर काहीही बिघडत नाही. उद्या रमजानचा रोजा धरायचा आहे एवढं मनात पक्कं असलं की पुरे.

फरक आहे तो वेळेचा. हनफींमध्ये रमजानच्या चालू रोज्याची नियत रात्रीपासून दिवसाच्या मध्यापूर्वीपर्यंत करता येते. अट एकच, फज्रपासून काही खाल्लेलं-प्यालेलं नसावं. हा मध्य घड्याळाचे बारा नव्हे. सहरी साडेपाचला संपली आणि सूर्य पावणेसातला मावळणार असेल, तर मध्य १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास येतो. शाफईंमध्ये नियत रात्रीच हवी, मगरीब (सूर्यास्त) ते फज्र या वेळात, आणि दर रात्री वेगळी. एकदा नणंद सहरीला उठलीच नाही. आठ वाजता डोळे चोळत आली आणि म्हणाली, "जाऊ दे, तशीच धरते." मी घाबरून म्हटलं, "अगं, वेळ गेली!" गेली नव्हती, कारण ती हनफी होती. माझं तसं झालं असतं तर मला दिवसभर रोजेदारासारखं उपाशी राहून वर कजाही धरावी लागली असती.

म्हणून शाफईंनी मगरीबनंतर किंवा तरावीहनंतर (रमजानातली रात्रीची जादा नमाज) लगेच नियत करून मोकळं व्हावं. त्यानंतर रात्री खाल्लं-प्यालं तरी नियत मोडत नाही. सहरीला रोज्यासाठी म्हणून उठणं हीसुद्धा नियतच. कजा रोज्याची नियत मात्र दोन्हीकडे रात्रीच करावी लागते.

सहरी

सहरी सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, तिच्यात बरकत आहे असं पैगंबरांनी सांगितलं. पण ती रोज्याची अट नाही. जाग आली नाही म्हणून रोजा सोडून देणं चालत नाही.

सहरी संपते सुबह सादिकला, म्हणजे पूर्वेला आडवा उजेड पसरायला लागतो तेव्हा. महाराष्ट्रात ही वेळ सूर्योदयाआधी साधारण सव्वा तास येते. कुरआनात शब्द आहेत पांढरा धागा आणि काळा धागा. अदी बिन हातिम या सहाबींनी (पैगंबरांच्या सोबत्यांपैकी एक) खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवले होते आणि रात्रभर बघत बसले. पैगंबरांनी सांगितलं, अरे, ती रात्रीची काळोखी आणि दिवसाचा उजेड.

आपल्याकडे मात्र धागा म्हणजे अजान झाली आहे. अजान संपेपर्यंत घास चालतो ही समजूत इतकी घट्ट आहे की समजावून थकायला होतं. अजान ही फज्र लागल्यावर होते. म्हणजे मुअज्जिनचा पहिला शब्द कानी पडला तेव्हाच वेळ संपलेली असते. वेळापत्रकातली वेळ हीच हद्द, आणि तिच्या पाचेक मिनिटं आधी हात धुतलेला बरा. तोंडात घास असताना वेळ झाली तर थुंकून टाका, रोजा शाबूत राहतो.

खायचं काय? पोटात टिकेल ते. ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, डाळ, अंडं, दही, केळं. खारं लोणचं आणि पापड यांनी दुपारी घसा सुकतो. कोकणात आम्ही पेज प्यायचो, तिच्याइतकं शहाणं सहरीचं खाणं मला अजून सापडलेलं नाही. पाणी शेवटच्या दोन मिनिटांत लिटरभर ढोसू नका. ते तासाभरात निघून जातं. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं करत दोन-अडीच लिटर पोटात जाऊ द्या.

दात सहरीची वेळ संपायच्या आत घासून घ्यावेत. दिवसा टूथपेस्ट वापरल्याने रोजा मोडत नाही, पण चव आणि फेस घशात जायची भीती असते म्हणून मकरूह, म्हणजे नापसंत. मिसवाक (दातण) हनफींना दिवसभर चालते; शाफईंमध्ये दुपार कलल्यानंतर ती न करणं चांगलं मानतात. आणि मशेरी! ती तंबाखूच आहे. मशेरी दाढेला लावून "मी काही गिळत नाही" म्हणणाऱ्या खूप मावश्या मी पाहिल्या आहेत. तंबाखूचा रस लाळेबरोबर आत जातो, म्हणजे रोजा गेला. बिडी, सिगारेट, गुटखा, तपकीर यांचंही तेच.

दिवसभरात काय मोडतं, काय नाही

जाणूनबुजून खाणं, पिणं आणि नवरा-बायकोचा संबंध, या तीन गोष्टींनी रोजा मोडतो हे सगळ्यांना माहीत असतं. "पाणीसुद्धा नाही?" या ऑफिसातल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पाणीसुद्धा नाही. खरी गरज आहे ती त्यापलीकडच्या बारीक गोष्टींची.

विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. पोटभर खाल्लं तरी नाही. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, स्पष्ट आहे: त्याने रोजा पुरा करावा, त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. आठवलं त्या क्षणी मात्र तोंडातलं बाहेर. इथे लोक एक चूक करतात. आता मोडलाच आहे असं समजून पुढे जेवून घेतात, आणि तेव्हा खरोखरच मोडतो.

विसरणं वेगळं आणि चुकणं वेगळं. वुजू (नमाजआधीचं हात-तोंड धुणं) करताना, रोजा आहे हे लक्षात असताना, चूळ भरलेलं पाणी घशात उतरलं तर हनफींमध्ये रोजा गेला, कजा. शाफईंमध्ये साधी चूळ भरताना तसं झालं तर रोजा राहतो. खळाखळा गुळण्या करण्यात अतिरेक केला असेल तर मोडतो. म्हणून रोज्यात गुळणी करू नये, चूळ हलकी भरावी, दोघांनीही.

थुंकी गिळल्याने काही होत नाही. दर दोन मिनिटांनी थुंकत फिरणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, आणि रस्त्याचंही वाटतं. दातात अडकलेला कण हरभऱ्यापेक्षा लहान असेल आणि नकळत गिळला गेला तर हनफींमध्ये चालून जातं. उलटी आपसूक झाली तर रोजा शाबूत, कितीही झाली तरी. बोट घालून मुद्दाम काढली तर मोडतो. हनफींमध्ये त्यासाठी तोंड भरून यावी लागते. अत्तर लावणं, सुरमा घालणं, तेल लावणं, अंघोळ, सगळं चालतं. अगरबत्ती किंवा लोबानचा धूर जवळ जाऊन मुद्दाम ओढू नये. घरात धूर पसरला आणि नाकात गेला, तर काही नाही.

स्वयंपाक करणाऱ्यांनी मीठ जिभेच्या टोकावर चाखून थुंकलं तर चालतं, गरज असेल तर. हनफी फिकहच्या (धर्मनियमांच्या शास्त्राच्या) जुन्या पुस्तकांत इथे उदाहरण दिलं आहे ते ज्या बाईचा नवरा तापट आहे तिचं. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या फकीहांना घराघरांतली इफ्तारची वेळ चांगलीच ठाऊक असणार.

झोपेत वीर्यस्खलन झालं तर रोजा मोडत नाही. रात्री संबंधानंतर अंघोळ फर्ज झाली आणि सहरीची वेळ संपेपर्यंत करता आली नाही, तरी रोजा बरोबर. उठून अंघोळ करावी, फज्रची नमाज चुकवू नये. पैगंबरांचं स्वतःचं असं झाल्याचं हजरत आयशा आणि हजरत उम्मे सलमा यांनी सांगितलं आहे.

खोटं बोलणं, चुगली, शिवीगाळ यांनी रोजा मोडत नाही, पण त्याचं मोल जातं. जो खोटं सोडत नाही त्याने खाणं-पिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असं बुखारी या संग्रहातल्या हदीसमध्ये आहे.

औषधं

दंडावर किंवा शिरेत घेतलेलं इंजेक्शन, लस, रक्ततपासणी यांनी आपल्याकडच्या बहुतेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते रोजा मोडत नाही. ग्लुकोजची बाटली लावणं हे गरजेशिवाय, निव्वळ तरतरी यावी म्हणून, नापसंत. काही उलेमा ताकद देणाऱ्या सलाइनने रोजा मोडतो असं म्हणतात. डोळ्यातले थेंब हनफी आणि शाफई दोघांनाही चालतात, घशात चव जाणवली तरी. नाकातले थेंब घशात उतरतात, त्यांनी मोडतो. कानातल्या औषधाने मोडतो असा जुना निर्णय आहे. पडदा फाटलेला नसेल तर नाही, असं अलीकडे बरेच जण सांगतात. विचारून घ्या. गुदद्वारातून दिलेल्या औषधाने मोडतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने काही होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आतून तपासणी असेल तर शक्यतो इफ्तारनंतरची वेळ घ्या.

दम्याच्या पंपाने रोजा मोडतो असंच आपल्या भागातले बहुतेक मुफ्ती सांगतात. पण ऐका: दम लागला की पंप घ्यायचा. त्यात विचार करत बसण्यासारखं काही नाही. रोज्याची कजा धरता येते. छातीत कळ आली तर जिभेखालची गोळी, तसंच.

मधुमेहींसाठी आणखी एक. बोट टोचून साखर बघितल्याने रोजा मोडत नाही. दिवसातून दोन-तीनदा बघावी. ती ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. हात थरथरणं, घाम, डोळ्यापुढे अंधारी येणं याकडे दुर्लक्ष नको.

मोडला तर

तीन शब्द नीट वेगळे ठेवा: कजा, कफ्फारा, फिदया.

कजा म्हणजे एकास एक. आजार, प्रवास, पाळी, चूळ भरताना गेलेलं पाणी, वेळेची चूक, या सगळ्यांना कजा. फज्र लागली नाही असं समजून खाल्लं आणि लागलेली निघाली, किंवा ढगाळ संध्याकाळी सूर्य मावळला असं समजून सोडला आणि तो नंतर दिसला, तरी कजाच. त्या दिवशी उरलेला वेळ मात्र काही न खाता काढायचा.

कफ्फारा ही शिक्षा आहे, रमजानचा रोजा जाणूनबुजून, कारणाशिवाय मोडल्याची. हनफींमध्ये ती खाण्या-पिण्यालाही लागू होते आणि दिवसा केलेल्या संबंधालाही. शाफईंमध्ये फक्त संबंधाला, आणि ती नवऱ्यावर. त्यांच्यात मुद्दाम खाल्लं असेल तर गुनाह मोठा, पण कजा एकच. गुलाम मुक्त करण्याचा पहिला पर्याय आज उरला नाही, म्हणून सलग ६० रोजे. मधला एक जरी सुटला तरी पुन्हा पहिल्यापासून. पाळीच्या खंडाने सलगपणा तुटत नाही. चांद्र महिन्याच्या एक तारखेला सुरुवात केली तर दोन महिने पुरे, मग ते २९-२९ चे असले तरी. म्हणजे एक-दोन रोजे वाचू शकतात. मध्ये ईद येणार नाही एवढं बघा, कारण दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस रोजा मना आहे. ६० रोजे खरंच झेपत नसतील तर ६० गरिबांना जेवण. ऐपत आहे म्हणून थेट जेवणावर उडी मारता येत नाही.

बायकांसाठी

पाळीत रोजा नाही, धरलाच तरी होत नाही. मगरीबला पाच मिनिटं असताना सुरू झाली तरी त्या दिवसाचा रोजा गेला, कजा. याचं मला तरुणपणी रडू यायचं. नमाजची कजा नाही, रोज्याची आहे. हाही नियम हजरत आयशांनीच सांगून ठेवला आहे. फज्रच्या आधी पाळी थांबली तर त्या दिवसाचा रोजा धरायचा, अंघोळ नंतर झाली तरी चालते.

पाळीत घरात लपून खाण्याची गरज नाही. भाऊ आणि सासरे यांच्यासमोर ताट घेऊन बसू नये इतका संकोच समजू शकते. पण उपाशी राहून घरभर खोटा रोजा मिरवायचा, आणि त्यात घरचा सगळा स्वयंपाक करायचा, हे कोणी सांगितलेलं नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणारी, दोघींना स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर सवलत आहे. हनफींमध्ये नंतर फक्त कजा. शाफईंमध्ये स्वतःसाठी सोडले असतील तर फक्त कजा, केवळ बाळासाठी सोडले असतील तर कजा आणि फिदया दोन्ही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन पूर्ण तीस रोजे करायचे बेत काही मुली करतात. डॉक्टरला न विचारता तर नकोच; आणि अल्लाहने जी सुट्टी दिली ती नाकारायची घाई कशाला, हे माझं मत.

प्रवास, आणि आखाताचं विमान

साधारण ७७-७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब निघालेल्या प्रवाशाला रोजा न धरण्याची मुभा आहे. शाफई मोजणीत आकडा थोडा वेगळा येतो. त्रास नसेल तर धरणं चांगलं. मुक्काम हनफींमध्ये १५ दिवसांपेक्षा कमी, शाफईंमध्ये चार दिवसांपेक्षा कमी असेल तोवर माणूस प्रवासीच. लक्षात ठेवायची गोष्ट ही की सकाळी दहाच्या एसटीने निघायचं म्हणून सहरीच करायची नाही, असं होत नाही. फज्रच्या वेळी तुम्ही गावात असाल तर त्या दिवसाचा रोजा धरून निघायचं.

आमच्या कोकणात घरटी एक माणूस दुबई, कुवेत नाहीतर मस्कतला असतो, म्हणून हे. विमानात रोजा सुटतो तो तुम्ही जिथे आहात तिथल्या सूर्याने. खिडकीतून सूर्य दिसत असेल तर खाली मुंबईत इफ्तार झाली असली तरी सोडायचा नाही. मुंबईहून दुबईला जाताना सूर्याच्या मागे मागे जाणं होतं. तो दिवस सुमारे सत्तर मिनिटांनी लांबतो. उलट येताना तेवढाच लहान होतो.

दुसरा घोळ तारखांचा. आखातात रमजान बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी लागतो. तिथे सुरू करून ईदला गावी आलेल्या माणसाचे ३१ होऊ शकतात. तरी गावाबरोबर धरायचे, गावाबरोबर ईद करायची. इथून सुरू करून तिकडे गेलेल्याचे २८ च झाले, तर ईद तिथल्या लोकांबरोबर, आणि नंतर एक कजा, कारण महिना २९ पेक्षा लहान नसतो.

रोजा सोडताना

सूर्य मावळल्याची खात्री झाली की लगेच. इथे उशीर करण्यात पुण्य नाही. लोक इफ्तारची घाई करतील तोवर भलाईत राहतील असं हदीसमध्ये आहे. खजूर, नसेल तर पाणी. पहिला घोट घेतल्यावर म्हणायच्या एका दुआचा अर्थ मला फार आवडतो: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या, आणि अल्लाहची मर्जी असेल तर मोबदला पक्का झाला.

त्यानंतर थांबा. दोन खजूर, पाणी, एखादं फळ, मग मगरीब, मग जेवण. भजी, समोसे आणि लाल सरबत एका बैठकीत रिचवलं की तरावीहला उभं राहवत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडवरचा मालपुवा खायला मीही गेले आहे, पण रोज नाही.

फिदया आणि फितरा

ज्याला रोजा आता कधीच झेपणार नाही, फार म्हातारा किंवा बरा न होणारा आजारी, त्याने प्रत्येक रोज्यामागे फिदया द्यायचा. हनफींमध्ये अर्धा साअ, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, नाहीतर एका गरजूला दोन वेळचं जेवण. शाफईंमध्ये एक मुद, साधारण पाऊण किलोच्या आत, गावाचं मुख्य धान्य, कोकणात तांदूळ. ज्याला बरं होण्याची आशा आहे त्याने पैसे देऊन सुटू नये, त्याच्यावर कजाच आहे. तापाने तीन रोजे गेले म्हणून फिदया देणारी तरुण मुलं दर वर्षी भेटतात.

फितरा, म्हणजे ईदआधी द्यायचं दान, वेगळा. तो रोज्यांत राहून गेलेल्या उणिवांसाठी आणि गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून. घरातल्या प्रत्येक माणसामागे. हनफींमध्ये ईदच्या फज्रआधी जन्मलेल्या बाळामागेसुद्धा; शाफईंमध्ये मात्र आदल्या संध्याकाळच्या मगरीबआधी जन्म झालेला असावा लागतो. हनफी गव्हाचा अर्धा साअ किंवा खजूर, जव यांचा पूर्ण साअ, अथवा किंमत देतात आणि तो निसाबाएवढी (जकात लागू होण्याइतकी) ऐपत असणाऱ्यावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे. शाफईंचा पूर्ण साअ, अडीच ते तीन किलो तांदूळ, आणि ईदच्या दिवस-रात्रीच्या गरजेपेक्षा जास्त ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकावर. आकडा मशीद जाहीर करते, तोच धरा. द्यायचा ईदच्या नमाजआधी. खरं तर दोन-तीन दिवस आधीच द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला शिरखुर्म्याचं दूध आणि पोरांचे कपडे वेळेत आणता येतात. सांगलीत आम्ही सासऱ्यांच्या नावाने पैसे देतो आणि चिपळूणला माझ्या भावाकडून तांदळाची पिशवी जाते. ती दर वर्षी सत्ताविसाव्या रोज्याला भरून ठेवलेली असते.

ईदच्या दिवशी रोजा हराम. दुसऱ्या दिवसापासून शव्वालचे (ईदपासून सुरू होणारा महिना) सहा नफल, म्हणजे ऐच्छिक, रोजे ज्यांना धरायचे त्यांनी धरावेत, सलग किंवा सुटे. नफल धरून मध्येच सोडला तर हनफींना त्याची कजा लागते, शाफईंना नाही. मी आधी माझी रमजानची कजा संपवते, आणि मग शव्वालचे दिवस उरले तर ते सहा.